सोनपेठ परिसरातील अक्षरशिक्षण : भाषा आणि पद्धती

मराठवाड्यातील शिक्षणाचा इतिहास बहुधा माध्यमाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. निजामी राजवटीत उर्दूचे वर्चस्व, १९४८ नंतर मराठीची पुनःस्थापना, असा त्याचा ठरलेला क्रम असतो. हा क्रम खोटा नाही. परंतु पाच-सहा वर्षांचे मूल पाटीवर पहिले अक्षर काढते तेव्हा नेमके काय घडते, हा प्रश्न त्यात क्वचितच उपस्थित होतो. गोदावरीच्या दक्षिणेस, बीड जिल्ह्याच्या सीमेलगत वसलेल्या सोनपेठसारख्या पेठेच्या गावाकडून पाहिले असता मात्र याच प्रश्नाला अधिक महत्त्व द्यावे लागते.

जुन्या पंतोजीच्या शाळेत लेखन आधी आणि वाचन मागाहून येत असे. धूळपाटीवर धूळ पसरून मूल काडीने वा बोटाने अक्षर गिरवी आणि गिरविताना त्याचा मोठ्याने उच्चार करी. हात, डोळा आणि कान यांना एकदमच वळण लागे. प्रारंभ ‘ओनामा’ने होई. हे ‘ॐ नमः सिद्धम्’चे झिजलेले रूप होय. त्याचा अर्थ मुलास ठाऊक नसे, आणि बहुधा पंतोजीसही नसे. पुढे मुळाक्षरे, बाराखडी, कित्ता, आणि सायंकाळी पावकी-निमकीची उजळणी. थोरल्या मुलांनी धाकट्यांस शिकवावे, हीही रीत होती. धुळीतील या लेखनाची एक परिणती कुतूहलजनक आहे. अँड्र्यू बेल याने मद्रासेकडील देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली, मद्रासच्या अनाथालयात त्या रीतीचा अवलंब केला आणि १७९७ साली लंडनमध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. इंग्लंडातील गरिबांच्या शाळांत वाळूच्या पाट्या आल्या त्या या मार्गाने.

पंतोजीच्या पद्धतीची मर्यादा अक्षरसंख्येत होती. चौतीस व्यंजनांची बाराखडी म्हणजे चारशे आठ रूपे. ती पाठ होईपर्यंत मुलाच्या वाट्यास अर्थपूर्ण शब्द जवळजवळ येतच नसे. शिवाय व्यवहाराची लिपी मोडी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, आणि हात न उचलता लिहावयाचे असल्याने अक्षरे एकमेकांत मिसळतात. पोथी वाचावयाची तर बाळबोध, वही लिहावयाची तर मोडी! एकाच भाषेसाठी दोन लिप्या शिकण्याचे हे ओझे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी मुलाच्या माथी राहिले.

हैदराबाद संस्थानात त्यावर तिसऱ्या लिपीची भर पडली. १८८४ मध्ये फारसीच्या जागी उर्दू ही न्यायालयांची भाषा झाली व लौकरच साऱ्या राज्यकारभाराची. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतून देण्यास प्रारंभ केला. प्राथमिक शाळेच्या खालच्या वर्गांत मातृभाषेला तत्त्वतः स्थान होते, ही गोष्ट नजरेआड करणे न्याय्य होणार नाही. परंतु माध्यमिक शाळेचा दरवाजा उर्दूचा असल्याने मराठी वाचन ही केवळ पहिली पायरी ठरली, आणि जी पायरी पुढे कोठेच नेत नाही तिच्यावर पालक पाल्यास फार काळ उभे करीत नाहीत. १९२० नंतरच्या दशकात खाजगी शाळांवर परवानगीचे बंधन आले. अशा काळात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारखी केंद्रे उभी राहिली. १९२१ मध्ये निघालेल्या या शाळेचे मुख्याध्यापकपद पुढे स्वामी रामानंद तीर्थांनी सांभाळले. त्यांचे राजकीय कार्य सर्वश्रुत आहे. मराठीतून शिकण्याची इच्छा त्यांनी जिवंत ठेविली, हे त्याहून कमी मोलाचे नव्हे.

सप्टेंबर १९४८ नंतर भाषा बदलली. १९५६ मध्ये परभणी जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कार्यरत होऊन प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या, १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले. पद्धती मात्र भाषेच्या वेगाने बदलली नाही. शाळा मराठी झाली तरी वर्गातून ऐकू येणारा घोष बाराखडीचाच राहिला. संपूर्ण वर्णमालेची वाट न पाहता मोजकी अक्षरे व एकदोन स्वरचिन्हे घेऊन लगेच शब्द बनवावेत (क, म, ल आणि काना एवढ्यावर ‘काम’, ‘माल’, ‘कमाल’ सहज होतात), हा विचार फलटण येथे १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांनी पद्धतशीरपणे राबविला. मुलाला पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या बोलण्यातील शब्द कागदावर ओळखू येतो, हे या योजनेचे मर्म होय.

परंतु ‘स्वतःच्या बोलण्यातील’ म्हणजे कोणाच्या? परभणी जिल्ह्यातील बंजारा तांड्यांवर मुलाची घरची भाषा गोरबोली आहे. मातृभाषेतून शिक्षण हे ज्या लढ्याचे एक ब्रीद होते, त्या लढ्याच्या यशानंतरही या मुलाला पहिले अक्षर परक्या शब्दांतूनच भेटते. ‘काम’ हा शब्द वाचता येणे आणि तो आपला वाटणे, यांत अंतर पडते. सोनपेठ-गंगाखेड भागातील ऊसतोड कामगारांच्या कुटुंबांत, मग ती तांड्यावरची असोत वा गावातली, दुसरीही अडचण असते. दिवाळीच्या सुमारास कुटुंब कारखान्याच्या वाटेला लागते आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडी परतते. साखरशाळा, हंगामी वसतिगृहे असे उपाय झाले. तथापि अक्षरगट ओळखण्याचे आणि जोडाक्षरांकडे वळण्याचे नेमके हेच महिने असतात. राज्याने २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम घेतला. केंद्राच्या २०२१ च्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलास अर्थासह वाचता यावे असे उद्दिष्ट ठरविले. तिसरीअखेरचा हा हिशेब जूनपासून एप्रिलपर्यंत वर्गात बसणाऱ्या मुलाला गृहीत धरतो. कोयत्याबरोबर जाणाऱ्या मुलाच्या वाट्यास त्यांतील जेमतेम निम्मे महिने येतात, आणि परतल्यावर ते पुन्हा मुळाक्षरांपाशीच बसविले जाते.