फेलिशिया: पाइपात शिरणारी फेरेट

प्रोजेक्टसाठी मँचेस्टरला होतो तेव्हा घरमालकीणबाईंनी एक फेरेट पाळलं होतं. आपल्या मुंगसासारखं लांबुळकं ध्यान. पहिल्याच आठवड्यात माझे तीन मोजे गायब! सापडले सोफ्याखाली, नीट साठवलेले. नंतर कळलं, 'फेरेट' या शब्दाचा लॅटिनमधला मूळ अर्थच 'छोटा चोर'.

या चोराला माणसाने पाळलं ते सशांपायी. स्पेनमध्ये ससे शेतं फस्त करायचे. दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्रॅबो लिहितो, फेरेटला मुसकं बांधून बिळात सोडत.

पण मला सगळ्यात भारी वाटते ती 1971 ची गोष्ट. अमेरिकेत, इलिनॉयमध्ये, आज फर्मीलॅब म्हणतात त्या प्रयोगशाळेत ॲक्सिलरेटर उभा राहत होता. पाइपांत धातूचा बारीक कचरा अडकलेला. उपाय? फेलिशिया नावाची फेरेट, किंमत 35 डॉलर! पट्ट्याला दोरी बांधलेली ही बाई 300 फुटी पाइपातून पलीकडे जायची. मग त्याच दोरीने ओला बोळा ओढायचे. इलेक्ट्रिशियन पाइपात स्प्रिंग घालून वायर ओढतो ना, तस्संच. आत घाण नको म्हणून तिला चक्क लंगोट!

चार मैलांच्या मुख्य पाइपात मात्र ती शिरलीच नाही. तिथे शेवटी यंत्र करावं लागलं. 1972 मध्ये फेलिशिया गेली.

हे वाचलं त्याच रात्री आमचे महाशय माझ्या जीन्सच्या पायातून शिरून कमरेतून बाहेर आले. तोंडात चौथा मोजा.