कल्याणचे शिसव आणि लाकडाचा बाक

गिटारीची कमनीय कंबर कोरून काढलेली नसते. जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची शिसवी पट्टी पाण्याने भिजवून, आतून तापविलेल्या लोखंडी नळीवर दोन्ही हातांनी दाबीत राहावयाचे, तंतूंना परस्परांशी जखडणारे द्रव्य उष्णतेने मऊ पडल्याची जाणीव हातांना होताच तिला वळण द्यावयाचे आणि ते निवून कायम होईपर्यंत साच्यात बांधून ठेवावयाचे, अशी ती क्रिया आहे. घाई केली तर पट्टी तडकते, रेंगाळले तर करपते. आपल्या तंतुवाद्यांना हा खटाटोप फारसा करावा लागला नाही. मिरजेच्या कारागिराने तंबोऱ्याची गोलाई वेलीवर वाढलेल्या भोपळ्याकडून आयतीच घेतली. लाकडाला बाक देण्याची विद्या आपल्या मुलखात वाढली ती खाडीकाठी, गलबते बांधणाऱ्या सुतारांच्या हाती, आणि या कामी उल्हास नदीच्या मुखाशी वसलेल्या कल्याण बंदराचा अधिकार जुना आहे.

किती जुना, हे परक्यांच्या लेखांवरून कळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात कल्याणचा उल्लेख आहे, आणि भडोचहून इराणी आखाताकडे साग व काळ्या लाकडाचे ओंडके जात असल्याची नोंदही त्याच ग्रंथात आहे. सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक व्यापारी संन्याशाने तर कल्याणहून बाहेर जाणाऱ्या मालात तांबे व कापड यांबरोबर जे लाकूड सांगितले आहे, त्याचा अर्थ अभ्यासक शिसव असाच लावतात. ज्या लाकडाची आज जगभरच्या गिटारींना कूस मिळते, त्याच जातीचे ओंडके या धक्क्यावरून तेव्हा परदेशी जात असावेत, असे मानण्यास जागा आहे.

1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि खाडीच्या काठी आरमाराचा आरंभ केला. गलबताच्या फासळ्यांना निसर्गतःच वाकडी वाढलेली खोडे शोधून आणता येतात. परंतु नाळेशी निमुळत्या होत जाणाऱ्या लांबलचक फळ्या ओल आणि धग देऊनच वळवाव्या लागतात, आणि वळविताना एखादी फळी मोडली तर दिवसांची मेहनत व्यर्थ जाते. या कामासाठी महाराजांनी रुय लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर व त्याचा मुलगा यांना चाकरीस ठेवले; सुमारे 340 माणसे त्यांच्या हाताखाली होती. वीस गलबते बांधण्याचे हे काम चालू असता, वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून ते सारे गुपचूप पोर्तुगीज अंमलात निघून गेले. पोर्तुगीजांचे भय अनाठायी नव्हते: 1659 मध्येच गोव्याच्या शासनाने पोर्तुगालच्या राजास कल्याण, भिवंडी व पनवेल येथील लढाऊ जहाजांविषयी कळविले होते. मला मात्र त्या पलायनापेक्षा पुढची गोष्ट अधिक बोलकी वाटते. उस्ताद निघून गेले तरी आरमार वाढतच गेले. म्हणजे स्थानिक सुतारांच्या हातांत ती विद्या पुरेशी मुरलेली होती.

लाकूड तोडण्याविषयी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात जो विचार आहे, तो आजही थक्क करतो. आरमारास योग्य असा साग हुजुरांची परवानगी घेऊन तोडावा. आंबा, फणसही उपयोगी खरे, परंतु रयतेने लेकरांसारखी वाढविलेली ही झाडे बळाने घेऊ नयेत, अगदीच जीर्ण झालेले झाड असेल तर धन्याला राजी करून व द्रव्य देऊनच घ्यावे, असे त्यात बजावले आहे.

पुढे जहाजबांधणीचा मान मुंबईस गेला. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने तेथे मलबारी सागाची जी जहाजे बांधली, त्यांतील 1817 मधील ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूलला अद्याप पाण्यावर आहे. 1854 मध्ये आगगाडी कल्याणास पोहोचली आणि खाडीचे महत्त्व ओसरत गेले.

शिसवाचा प्रवास मात्र थांबला नाही. ब्राझीलने आपल्या शिसवाच्या ओंडक्यांची निर्यात रोखली, तेव्हा अमेरिकेतील मार्टिन कंपनीने 1969 च्या सुमारास आपल्या गिटारींसाठी भारतीय शिसव स्वीकारले. पुढे 2017 मध्ये संकटग्रस्त जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराने शिसवाच्या साऱ्या कुळावर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा गिटार घेऊन परदेशी जाणाऱ्या वादकांतही चलबिचल झाली. अखेर 2019 मध्ये तयार वाद्यांना सवलत मिळाली. ओंडका वा फळी बाहेर पाठवावयाची, तर परवाना आजही लागतोच.