पाच वॅटची हाक

तारेच्या सांकेतिक भाषेत ‘क्यूआरपी’ म्हणजे ‘प्रक्षेपणाची शक्ती कमी करा’. आम्हा काही हौशी रेडिओवाल्यांनी हा हुकूमच आपलं नाव करून घेतला. मोर्ससाठी मर्यादा ५ वॅट. जुना झिरोचा दिवासुद्धा याहून जास्त वीज खायचा. संध्याकाळी ४० मीटरच्या पट्ट्यावर हाक देतो, बऱ्याचदा उत्तर येतच नाही.

मोबाइल असताना हे कशाला, असं कुणी विचारलं की मी ४ ऑक्टोबर १९५७ सांगतो. स्पुटनिकचं प्रक्षेपक यंत्र जेमतेम १ वॅटचं! सोव्हिएत शास्त्रज्ञांनी त्याचे संदेश मुद्दाम २० आणि ४० मेगाहर्ट्झच्या आसपास ठेवले, हौशींच्या रिसीव्हरवर ऐकू यावेत म्हणून. मॉस्कोवर विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, ती बीप-बीप लोकांनी घरात बसून स्वतःच्या कानांनी ऐकली. पुस्तकांत कौतुक मात्र रॉकेटचंच. बॅटरी संपेपर्यंत, सुमारे तीन आठवडे, ते ऐकत होते.