मराठी बोलपटातील धर्मविषयक विनोद : सालोमालो ते केश्या

प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) आपण संतपट म्हणून अभ्यासतो. त्यामुळे त्यातील विनोदाची स्वतंत्र चिकित्सा सहसा होत नाही. वस्तुतः दामले-फत्तेलाल यांच्या या कृतीत धर्मविषयक विनोदाचे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहतात आणि ते परस्परांहून अगदी भिन्न आहेत.

पहिला प्रवाह सालोमालोचा. तुकारामांच्या अभंगांतच ज्याचा उल्लेख येतो, तो हा उसन्या कवित्वाचा धनी. भागवत यांनी रंगविलेला सालोमालो दुसऱ्याचे अभंग आपले म्हणून गातो, शास्त्राचा धाक घालतो आणि फजीत होतो. येथे प्रेक्षक निर्धास्तपणे हसतो, कारण हसे होते ते दांभिकाचे. देवाला धक्का लागत नाही. असा उपहास भारुडांपासून आपल्या अंगवळणी पडलेला आहे.

दुसरा प्रवाह जिजाईचा, आणि तो अधिक बिकट आहे. गौरी यांची जिजाई ढोंग्यावर नव्हे, प्रत्यक्ष विठ्ठलावर चिडते. घरात दाणा नाही, मूल आजारी आहे; ती मुलाला ओढत देवळात नेते आणि पायताण घेऊन देवावर धावते. प्रेक्षक हसतो खरा, परंतु तिचा प्रश्न खोटा ठरत नाही. चमत्कार घडतो, तरीही संसाराचा हिशेब तिच्याकडेच राहतो. अखेरीस तुकाराम वैकुंठाला जातात, ती मुलांपाशी मागे उरते. संतपटाने आपल्याच श्रद्धेविरुद्ध इतका समर्थ साक्षीदार उभा करावा, हे प्रस्तुत लेखकास त्याचे मोठेपण वाटते.

तत्कालीन सत्तेला मात्र अशा विनोदाची फारशी फिकीर नव्हती. १९३५ साली शांताराम यांच्या एकनाथचरित्रावरील ‘महात्मा’ला ‘धर्मात्मा’ व्हावे लागले ते शीर्षकातून गांधीजी सूचित होत म्हणून. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने ‘ब्रह्मचारी’त (१९३८) व्याख्यान ऐकून व्रत घेणाऱ्या औदुंबराची टर उडविली. तेथे अत्रे-विनायक यांचे लक्ष्य होते व्यासपीठावरून वाटला जाणारा संयम. त्या काळी चर्चा अधिक झाली ती मीनाक्षीच्या पोहण्याच्या पोशाखाची, हा भाग वेगळा!

जिजाईचा खरा वारस पुढे भेटतो तो उमेश कुलकर्णी यांच्या ‘देऊळ’मध्ये (२०११). गाय शोधत फिरणाऱ्या केश्याला औदुंबराखाली दत्ताचा दृष्टांत होतो. गावात हॉस्पिटल व्हावे ही अण्णांची तळमळ बाजूस पडते आणि देवस्थान उभे राहते; मागोमाग दुकाने, भजने, राजकारण. विनोदाची धार गावाच्या हिशेबीपणावर आहे. केश्याच्या श्रद्धेची चेष्टा चित्रपट करीत नाही. सालोमालो येथे एकटा उरलेला नाही, तो गावभर वाटला गेला आहे. त्यामुळे फजिती करावी तरी कोणाची, हा दिग्दर्शकापुढील पेच आहे. ‘संत तुकाराम’मध्ये इंद्रायणीत बुडविलेल्या वह्या तरून वर येतात. ‘देऊळ’मध्ये भक्तच मूर्ती उचलून नेऊन नदीत विसर्जित करतो. ती वर येत नाही. तिच्या जागी गाव नवी मूर्ती बसवते आणि उत्सव पूर्ववत सुरू राहतो.