फीडबॅकचा स्वर : प्रस्तावना

लाउडस्पीकरची कुई ऐकली नाही असा माणूस बुलढाणा जिल्ह्यात सापडणे कठीण. गावोगावचे हरिनाम सप्ताह, शेगावचा प्रकटदिन, 12 जानेवारीचा सिंदखेड राजाचा जिजाऊ जन्मोत्सव. माईक घेऊन कोणी स्पीकरसमोर आले, की कानठळ्या बसवणारी शिट्टी उठते आणि साउंडवाला मिक्सरकडे धावतो. हाच फीडबॅक. सगळे ज्याला घालवू पाहतात, त्याला गेली साठ वर्षे इलेक्ट्रिक गिटारवादकांनी गाते केले आहे. खामगाव, मलकापूर, चिखलीत गिटार हाती घेणाऱ्या मुलामुलींना ही कला आपल्या भाषेत समजून घेता यावी, म्हणून ही पुस्तिका.

गिटारची एक उणीव आहे. तार छेडली की स्वर लगेच विरू लागतो. सारंगीची किंवा गळ्याची आस तिला नाही. पण अँप्लिफायरचा आवाज पुरेसा चढवून त्याच्याजवळ उभे राहिले, तर स्पीकरमधून आलेला आवाज त्याच तारेला पुन्हा हलवतो, पिकअप ते कंपन पुन्हा स्पीकरकडे धाडतो आणि हे चक्र चालू राहते. विरणारी ऊर्जा भरून निघाली की स्वर टिकतो. माईकच्या कुईत तार नसते. तिथे अंतर, खोली आणि स्पीकर मिळून पट्टी ठरवतात. गिटारची तार मात्र आपल्या मूळ स्वराला आणि त्याच्या उपस्वरांनाच दाद देते. म्हणून पुष्कळदा मूळ स्वर मागे सरतो आणि त्याच्या जागी वरचा षड्ज किंवा पंचम उमलतो. तंबोऱ्याच्या खर्जातून निघणारा स्वयंभू गंधार टिपायला शिकलेल्या कानाला हे परके वाटणार नाही. मिरजेत तंबोऱ्याच्या ज्या जवारीवर कारागीर इतकी मेहनत घेतात, तीही उपस्वर उजळण्यासाठीच. आपल्याकडच्या नवशिक्याला ही शिदोरी घरातूनच मिळालेली आहे, असे मला मनापासून वाटते.

या कलेत बोटांइतकेच पायांना महत्त्व आहे. सेकंदाला 440 कंपनांच्या स्वराची हवेतली तरंगलांबी साधारण 78 सेंटिमीटर. तुम्ही 39 सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम एक पाऊल, मागे सरकलात, तर तारेला रेटा देणारी लाट आता तिला अडवू लागते. स्वर गळतो किंवा दुसऱ्याच उपस्वरावर उडी घेतो. 1977 साली बर्लिनमध्ये डेव्हिड बोवीच्या ‘हीरोज’चे ध्वनिमुद्रण चालू असताना गिटारवादक रॉबर्ट फ्रिपने कोणता स्वर किती अंतरावर धरतो, त्याच्या खुणा जमिनीवर करून घेतल्या होत्या, असे निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी यांनी सांगितले आहे. त्या गाण्यातली गिटार इतकी अखंड वाहते, त्यामागे हे मोजमाप आहे.

वाचकांनी आधी ऐकावे, मग वाजवावे. बीटल्सच्या 1964 सालच्या ‘आय फील फाइन’च्या सुरुवातीचा गुणगुणता स्वर ऐका, बेसच्या एका स्वराने लेननची गिटार आपोआप बोलू लागली आणि तो अपघात त्यांनी गाण्यात ठेवला. त्यानंतर जिमी हेन्ड्रिक्सने 1969 साली वुडस्टॉकमध्ये वाजवलेले अमेरिकेचे राष्ट्रगीत ऐका. त्यातले चीत्कार पहिल्यांदा नुसता गोंगाट वाटतील. दुसऱ्यांदा ऐकताना प्रत्येक चीत्कार कुठून निघतो आणि हेन्ड्रिक्स त्याला कुठे आणून सोडतो, इकडे लक्ष द्या. माझ्या मते या कलेचा याहून मोठा धडा नाही.

वाजवायला बसाल तेव्हा मोठ्या अँपची हाव नको. लहान अँप, थोडे डिस्टॉर्शन आणि एकच स्वर पुरे. बाकीच्या तारा तळहाताने दाबून ठेवा, नाहीतर त्याही बोलू लागतात आणि स्वराची खिचडी होते. स्वर धरल्यावर बोट हलकेच हलवत राहा, अँपकडे तोंड करून सावकाश वळा आणि तार कधी दाद देते त्याची वाट पाहा. तारेऐवजी पिकअपच किंचाळू लागला, तर गेन उतरवा. ती कुई वळवता येत नाही. कानांत बोळे घाला, वायरिंगचे अर्थिंग तपासून घ्या आणि रात्री दहानंतर शेजाऱ्यांचा विचार करा.

पहिल्या प्रकरणात फक्त पाचव्या तारेचा अभ्यास दिला आहे. ती मोकळी छेडून अँपपासून कोणत्या अंतरावर कोणता उपस्वर निघतो, ते वहीत टिपत जा. खोली बदलली की ही टिपणे बदलतील, म्हणून प्रत्येक नोंदीशेजारी जागेचे नाव लिहायला विसरू नका.