रस्ता कुणाच्या बापाचा?

परवा आमच्या चौकात पुन्हा रास्ता रोको झाला. कांद्याच्या भावासाठी. बावीस मिनिटं घोषणा झाल्या, तहसीलदारांनी निवेदन घेतलं, फोटो निघाले, गाड्या सुटल्या. बातमी मीच केली. खाली पहिली कमेंट: "रस्ता काय यांच्या बापाचा आहे का?"

प्रश्न जुना आहे. म्हणून थोडा इतिहास.

१९८० साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली चाकणच्या कांदा उत्पादकांनी पुणे-नाशिक रस्ता अडवला. त्याच वर्षी नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्यासाठी रस्ते अडले, रेल्वेही अडली. उसाला टनामागे ३०० रुपये मागत होते. खेरवाडीला गोळीबारात दोन शेतकरी गेले. पुढच्या वर्षी निपाणी. १४ मार्च १९८१ ला तंबाखू उत्पादक महामार्गावर बसले ते ६ एप्रिलपर्यंत. त्या दिवशी पोलिसांनी त्यांना उठवलं, गोळीबारात १२ माणसं मेली.

रस्ताच का? कामगार संप करतो तेव्हा कारखाना थांबतो. शेतकऱ्यानं पेरायचं थांबवलं तर आधी तोच उपाशी मरतो. काढलेला माल सडतो, सावकार थांबत नाही. शहराला गावाची आठवण करून द्यायला त्याच्या हातात उरतो तो दारावरून जाणारा डांबरी रस्ता.

२०११ च्या ९ ऑगस्टला मावळात पवनेच्या जलवाहिनीविरोधात लोक द्रुतगती मार्गावर आले. तिथंही गोळीबार, तिघं गेले. त्यानंतर जलवाहिनीचं काम थांबलं. आधीची निवेदनं कुणी नीट वाचली असती तर?

पण दुसरी बाजूही आहे. २०२० साली शाहीनबागेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, निषेधाचा हक्क आहे, पण सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही. आणि हे आंदोलकांना कळत नाही असंही नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून पायी आलेले हजारो शेतकरी मुंबईत शिरले तेव्हा दहावीची परीक्षा चालू होती. पोरांचा खोळंबा नको म्हणून, दिवसभर चालून आलेले ते लोक रात्रीच पुन्हा उठले आणि आझाद मैदान गाठलं. मुंबईकर त्यांना पाणी द्यायला रस्त्यावर उतरले.

आता परवाचं. अडकलेल्या एसटीतून एक बाई उतरली, कडेवर तापानं फणफणलेलं पोर, आणि दवाखान्याकडे चालत निघाली. मी पाहिलं. बातमीत लिहिलं नाही. कदाचित तिच्याही घरी कांदा पडून असेल.

माझं मत विचाराल तर: आधी बाकीची दारं ठोठावलेली असावीत, किती वेळ बसणार ते सांगितलेलं असावं, आणि त्या बाईला वाट करून देणारी दोन पोरं आंदोलनात असावीत. मग रस्ता अडवला तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

आणि कमेंटवाल्या मित्रा, तू एक कर. तेच निवेदन दोन महिने ज्या टेबलावर पडून होतं, तिथल्या साहेबांना विचार: बावीस मिनिटांत रस्त्यावर येता येत होतं, तर इतके दिवस कुठं होता?

रस्ता त्यांच्या बापाचा नाही, खरंय. पण कचेरी तरी कुणाच्या बापाची आहे?