कितवा नंबर आला?

1919. पुणे. डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा चालू आहेत. तुम्ही रस्त्याच्या कडेला पागोटी आणि टोप्यांच्या गर्दीत उभे आहात. अंगात कालचाच घामेजलेला टी-शर्ट, पायात महागडे बूट, मनगटावर जीपीएसचं घड्याळ. कुणाचंही तुमच्याकडे लक्ष नाही, कारण लांब पल्ल्याच्या शर्यतीतले लोक आता दिसायला लागलेत. पंचवीसएक मैलांची शर्यत. येताहेत ती शेतात राबणारी पोरं, पायांत काहीही न घालता. जवळून जाताना पावलांचा जो आवाज येतो तो बुटांचा नाही, ओल्या कपड्याने फरशीवर थाप मारावी तसा आहे. धूळ तोंडात जाते. तुम्ही नकळत त्यांच्या टाचा बघता. टाच आधी पडतच नाही. चवड्यावर अलगद उतरतात आणि निघून जातात.

पाहुण्यांमध्ये दोराबजी टाटा बसलेत. ते जिमखान्याचे अध्यक्ष, आणि युरोपातल्या मैदानांचीही त्यांना चांगली माहिती. गव्हर्नर जॉर्ज लॉइडही आलेत. गर्दीला एकच विचारायचंय, पहिला कोण? दोराबजींच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललंय. अनवाणी पोरांनी नोंदवलेल्या वेळा युरोपातल्या वेळांच्या पंगतीला बसतात, हे त्यांना जाणवलंय. पुण्यात पहिला आलेला पुण्यापुरताच पहिला. वेळ तेवढी बोटीत घालून दुसऱ्या देशात नेता येते. भारताचा संघ ऑलिम्पिकला पाठवायचा विचार इथून पुढे सरकतो.

हे आधी दाखवायचं कारण म्हणजे काल घरी पोचल्यावर तुम्हाला विचारलेला प्रश्न. बारामती काय, इंदापूर काय, घरात टायमिंग कुणी विचारत नाही. "कितवा नंबर आला?" चौकात तोच प्रश्न, भरतीच्या पोरांच्या ग्रुपवर तोच. आपल्याकडे धावणं शिकलं जातं ते बहुतेक पोलीस भरतीच्या 1600 मीटरवर. मग हळूहळू गावोगावच्या मॅरेथॉनची चटक लागते: पहाटेची एसटी, बिब, रोख बक्षीस, सरपंचांच्या हस्ते ट्रॉफी. नंबर आला तर पोरगं चमकलं, नाही तर पेट्रोल फुकट गेलं. कालच्या हाफ मॅरेथॉनमध्ये तुम्ही चौदावे आलात. ठरवलं होतं 1:24, लागले 1:28:40. चौदावा हे घरच्यांचं दुःख. चार मिनिटं चाळीस सेकंद हे तुमचं.

आता 22 ऑगस्ट 1920. अँटवर्प.

ऑलिम्पिक मॅरेथॉनसाठी स्टेडियमच्या दारात गर्दी आहे. इथलं अंतर 42.75 किलोमीटर. 42.195 हा आकडा पक्का व्हायला अजून एक वर्ष आहे. काल शर्यत संपल्यावर "माझ्या घड्याळात 21.4 दाखवतंय" म्हणून तुम्ही संयोजकांवर भडकला होतात ना? सगळेच भडकतात. वळणावर आतली बाजू सोडून ऐसपैस पळालं की घड्याळ जास्तच दाखवणार. इथे ही माणसं साडेपाचशे मीटर खरोखरच जास्त पळतायत.

पहिला येतो फिनलंडचा हॅनेस कोलेहमाइनेन, 2 तास 32 मिनिटं 35.8 सेकंद. त्याच्या मागे जेमतेम तेरा सेकंदांवर एस्टोनियाचा युरी लॉसमन. एवढं पळून तेरा सेकंदांनी हुकलेलं सुवर्ण म्हणजे काय, ते लॉसमनलाच ठाऊक. पण आपण थांबायचंय ते अजून अठरा मिनिटांनी येणाऱ्या माणसासाठी. फडेप्पा दरेप्पा चौगुले, बेळगावचा. 2 तास 50 मिनिटं 45 सेकंद. एकोणिसावा.

घड्याळाच्या कॅल्क्युलेटरवर भागाकार करून बघा. किलोमीटरला चार मिनिटं. काल 21 किलोमीटरसाठी तुम्ही ठरवलेली आणि तुम्हाला न टिकलेली गती तीच: 4:00. जेल नाही, कार्बनची प्लेट नाही, त्याआधी बोटीचा लांबचा प्रवास, आणि हा माणूस त्याच गतीने दुप्पट अंतर पळून एकोणिसावा. घरी त्याला "कितवा नंबर" विचारला असेल तर उत्तर ऐकून लोकांनी माना हलवल्या असतील का? मला वाटतं, एकोणीस हा आकडा ऐकून तोंड वाकडं करणारं कुणी ना कुणी निघालंच असेल. तसली माणसं प्रत्येक काळात असतात.

याच शर्यतीत आपले सदाशिव दातारही होते. निकालपत्रात त्यांच्यासमोर वेळ नाही. शर्यत पूर्ण झाली नाही. आणि चौगुलेंच्या दोनेक मिनिटं आधी, सोळावा, जपानचा शिझो कानाकुरी आला. त्याच्याकडे जरा नीट बघा. 1912 मध्ये स्टॉकहोमच्या उन्हात तो अर्ध्यातच कोसळला आणि कुणाला न सांगता निघून गेला. स्वीडनच्या दप्तरात कितीतरी वर्षं तो बेपत्ताच होता. तो आज इथे पुन्हा पळतोय. 1967 मध्ये त्याला स्टॉकहोमला बोलावून ती जुनी शर्यत पूर्ण करायला लावतील, आणि वेळ नोंदवतील: 54 वर्षं, 8 महिने आणि वर काही दिवस. ती गंमतीची गोष्ट म्हणून सगळे सांगतात. मला गंमत वाटते ती अँटवर्पची. बेपत्ता झालेला माणूस आठ वर्षांनी मुकाट्याने पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर उभा राहतो, आणि सोळावा येतो, ज्याची कुणी गोष्ट करत नाही.

हे तुमच्या समाधानासाठी दाखवत नाहीये. दुसऱ्याचं मोठं अपयश बघितलं की आपलं लहान होतं, हा समज खोटा आहे. दुखतं ते दुखतंच.

परत आपल्या मुलखात चला. 2013, बारामती. ज्येष्ठांची तीन किलोमीटरची शर्यत. नऊवारी नेसलेली, साठी गाठलेली बाई अनवाणी पळतेय: लता भगवान करे. शेतात मजुरी करणारी, पिंपळीला राहणारी. नवऱ्याच्या एमआरआयला पैसे नाहीत आणि पहिल्या बक्षिसाची रक्कम रोख आहे. ती पहिली येते. पुढे त्यावर त्यांच्याच नावाचा सिनेमा निघाला, त्यांनी स्वतःच भूमिका केली आणि 67व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. बारामतीत कुठल्याही धावपटूचं काही बिघडलं की ही गोष्ट तोंडावर मारली जाते. "ती बाई बघ, आणि तुम्हाला बूट पाहिजेत!" कालही कुणीतरी म्हणालंच असेल.

आता इथे उभे आहात तर त्यांचा चेहरा बघा. प्रेरणा वगैरे राहू द्या. दुसरा नंबर आला असता तर तपासणीचे पैसे कुठून आणायचे, हा त्यांच्या पुढ्यातला प्रश्न होता. त्यांना वेळेशी देणंघेणं नव्हतं. नंबर हीच गरज होती, आणि ती गरज कुणाला पडू नये अशीच होती. ही गोष्ट हरलेल्या धावपटूला लाजवायला वापरणं म्हणजे करेबाईंचाही अपमान आणि धावपटूचाही.

अजून एक उपदेश हमखास येतो: वारकऱ्यांसारखं पळा, घड्याळ काढून ठेवा. तेही बघून घेऊ. आषाढी वारी, बेलवाडी, तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण. पताकावाले धावतात, तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या बायका धावतात, वीणेकरी धावतात आणि मग अश्व सुटतो. त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला लोक झेपावतात. इथे कुणी हरत नाही. डोळे भरून येतात, खरंय. पण तुम्ही स्पर्धक आहात. पहाटे साडेचारला उठून कॅनॉलच्या कडेने केलेले टेम्पो रन काही भक्तीपोटी केलेले नाहीत. वेळ कमी करायची म्हणून केलेत. त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. रिंगणाला नमस्कार करा आणि घड्याळ हातातच ठेवा.

29 नोव्हेंबर 2020, दिल्ली. कोरोनामुळे रस्त्यावर प्रेक्षकच नाहीत, फक्त एलिट धावपटू. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे हाफ मॅरेथॉन 1:00:30 मध्ये संपवतो. राष्ट्रीय विक्रम. 61 मिनिटांच्या आत जाणारा पहिला भारतीय. नंबर? दहावा. पहिला आलेला इथिओपियाचा आमदेवर्क वालेलेन दीड मिनिटापेक्षा जास्त पुढे.

आठ महिन्यांनी, 30 जुलै 2021 ला, तुम्ही टोकियोत आहात. 3000 मीटर स्टीपलचेसची प्राथमिक फेरी. साबळे 8:18.12. स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम पुन्हा मोडलाय. सातवा. प्रत्येक शर्यतीतले पहिले तीन आणि त्यानंतर वेळेवर सहा जण अंतिम फेरीत, असा नियम. बाहेर राहिलेल्यांमध्ये सगळ्यात जलद तोच. तिसऱ्या शर्यतीतून पुढे गेलेल्यांपैकी काहींची वेळ त्याच्यापेक्षा हळू आहे, पण ते त्यांच्या शर्यतीत पहिल्या तिनात होते. आयुष्यातली सगळ्यात चांगली धाव आणि निकाल 'बाहेर'. इथे नंबर आणि वेळ एकमेकांच्या थेट विरोधात उभे आहेत. कुणाचं ऐकायचं? तो पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या अब्राहम किबिवोटच्या मागे 0.05 सेकंदांनी रौप्यपदक घेणार आहे. 8:11.20, तोही राष्ट्रीय विक्रम. टोकियोतली धाव चुकली होती असं समजून सगळं उलटंपालटं करून टाकलं असतं तर तिथे पोचला असता का? त्याची टोकियोची शर्यत चुकलेलीच नव्हती.

तुमची चुकली होती. तेच बघायला आता शेवटच्या मुक्कामी जायचंय: काल सकाळ, बारामती-इंदापूर रस्ता, पिंपळीच्या आसपासची एक चहाची टपरी. जाऊन-येऊन मार्ग आहे, काटेवाडीच्या बाजूला वळण. त्यामुळे या टपरीवरून तुम्ही सहाव्या किलोमीटरला जाताना दिसाल आणि पंधराव्याला परतताना. चहा सांगा. थंडी आहे, तोंडातून वाफ निघतेय. ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या पोलिसांनी कडेला थांबवल्यात आणि ड्रायव्हर बिडी ओढत बघतोय.

हे आलात तुम्ही. स्वतःला असं बाहेरून बघणं विचित्र आहे. खांदे कानाला टेकलेत. पुढच्या चौघांच्या घोळक्यात आहात, ज्यांच्यात तुमचं काम नाही. ते 1:20 वाले. चेहऱ्यावर हसू आहे, टपरीवरच्या पोरांना हात करताय! पहिले पाच किलोमीटर 19:10 मध्ये गेलेत. ठरले होते वीस मिनिटांत. थंड हवेत, रिकाम्या पोटी, गर्दीच्या आवाजात किलोमीटरला दहा सेकंद जलद म्हणजे काहीच वाटत नाही. तीच खरी अडचण. आपल्या दमाची एक पातळी असते. तिच्या जरा खाली तासभर तग धरता येतो. जरा वर गेलं की स्नायूंतली साखर भराभर जळते, पाय जड होतात, आणि ती उधारी नंतर सवलतीत फेडता येत नाही.

तुमच्यामागे पंचावन्न सेकंदांनी एक जण येतो. विटका पिवळा बनियन, बिब 317, एका पायात मोजा घसरलेला. कुणाकडे बघत नाही. वय पस्तिशीच्या पुढचं असावं. त्याची गती 3:59. काल तो तुम्हाला दिसलाच नव्हता. मागचं कोण बघतं?

दुसरा चहा संपेपर्यंत पुढचे परतायला लागतात. तुमच्या घोळक्यातले चौघं गेले. मग बऱ्याच वेळाने तुम्ही. आता हात होत नाही. पाऊल पुढे पडण्याऐवजी खाली पडतंय, मान मागे गेलीय, घड्याळ प्रत्येक शंभर मीटरला बघताय. पंधरा किलोमीटर, 59:30. अजूनही कागदावर ठरवलेल्या वेळेच्या अर्धा मिनिट अलीकडे आहात, आणि तरी सगळं संपलंय. उरलेल्या सहा किलोमीटरना 29 मिनिटं लागणार आहेत.

पंधरा सेकंदांनी 317. तोच मोजा, तसाच घसरलेला. तीच गती, 3:59. ट्रॉलीवर चढून पुढे बघा, रस्ता सरळ आहे. तीनशे-चारशे मीटरवर तो तुम्हाला गाठतो आणि न बघता पुढे जातो. काल या क्षणी तुम्ही मनातल्या मनात त्याला शिवी दिली होती.

संध्याकाळी तुमच्या प्रशिक्षक सरांचा फोन येईल. ते नंबर विचारणार नाहीत. "पहिला पाच किती?" विचारतील, आणि तुम्ही सांगितल्यावर "आणि ठरला होता?" म्हणतील. मग दोन आठवडे घड्याळाशिवाय हलकं पळायला सांगतील आणि महिन्याच्या आत बदला घ्यायला दुसरी शर्यत धरू नका म्हणून दम देतील, कारण तुम्ही फोनवर बोलता बोलताच इंदापूरकडची कुठली तरी शर्यत शोधत असाल. पण आधी 317 ची वेळ काढा. निकालाच्या यादीत आहे: 1:24:03, सहावा. पुढच्या वेळी तो भेटलाच, तर पहिले दहा किलोमीटर त्याच्या मागे पळायचं, मोजा कितीही खुपला तरी.